अँटेनाच्या ट्रान्सफॉर्मरसाठी फेराइट रिंग कशी निवडावी

शॉर्टवेव्हच्या नादाला लागलेल्या माणसाची पहिली अँटेना बहुधा एक लांब तारच असते. एक टोक झाडाला, दुसरं खिडकीशी. अर्ध्या तरंगलांबीची तार टोकाकडून फीड केली, म्हणजे रेडिओची जोडणी टोकाला दिली, की तिथला इम्पिडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या करंटला होणारा एकूण विरोध) दोन-अडीच हजार ओहमच्या घरात जातो आणि रेडिओला तर ५० ओहम हवे असतात. मध्ये फेराइटच्या रिंगेवर तार गुंडाळून केलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला की काम भागतं. तार आहे, डबी आहे, सोल्डरिंग आयर्न तापलंय, आणि सगळं अडतं ते एका प्रश्नावर: रिंग कोणती घ्यायची?

नव्या माणसाला याचं उत्तर एका दमात मिळतं, "४३ नंबरची घे." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. रिंग निवडायच्या आधी दोन गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात: तुम्हाला चालवायचा सर्वांत खालचा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कोणता आणि तुम्ही किती वॅट पाठवणार. वेढे किती, मटेरियल कोणतं, रिंग केवढी, हे सगळं त्या दोन आकड्यांतून निघतं.

पायरी १ : आधी कागद

वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे इम्पिडन्सचं गुणोत्तर. प्रायमरीला (रेडिओकडच्या गुंडाळीला) २ आणि सेकंडरीला (तारेकडच्या गुंडाळीला) १४ वेढे असतील तर वेढ्यांचं गुणोत्तर ७, म्हणून इम्पिडन्सचं ४९. म्हणजे ५० ओहमचे २४५० ओहम होतात. टोकाकडून फीड केलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेला हे चालतं. तारेची लांबी कुठल्याच बँडशी न जुळणारी, मनाला येईल तशी असेल तर ९:१ वापरतात, म्हणजे वेढे १ ला ३. या दुसऱ्या प्रकारात ट्यूनर (उरलेली विजोड जुळवून देणारी डबी) लागतोच, हे गृहीत धरा.

आता व्होल्टेज. १०० वॅट ५० ओहमवर म्हणजे सुमारे ७१ व्होल्ट. तेच १०० वॅट २४५० ओहमवर गेले की ४९५ व्होल्ट होतात आणि शिखराला ७००. ट्रान्समिट चालू असताना तारेच्या त्या टोकाला हात लागला तर भाजतं, म्हणून तार आणि डबी हाताच्या अंतराबाहेर ठेवायची. लहान मुलं घरात असतील तर हे पहिल्या दिवसापासून पाळा. ट्रान्समिट करायला परवाना लागतो हेही इथेच सांगून ठेवतो. ऐकण्यापुरतं काम असेल तर हिशेब वेगळा आणि बराच सोपा आहे, तो पुढे येईल.

पायरी २ : रिंगेचं नाव वाचायला शिका

एफटी-२४०-४३ या नावात सगळं आहे. एफ म्हणजे फेराइट, टी म्हणजे टोरॉइड, अर्थात रिंग. २४० म्हणजे बाहेरचा व्यास २.४० इंच, सुमारे ६१ मिलिमीटर. ४३ हा मटेरियलचा नंबर. त्याच चालीवर एफटी-१४०-४३ चा व्यास साधारण ३५.५ मिलिमीटर आणि एफटी-५०-४३ चा १२.७.

फेअर-राइट या उत्पादकाचे स्वतःचे पार्ट नंबर दहा आकडी असतात. एफटी-२४०-४३ म्हणजे त्यांच्याकडे ५९४३००३८०१. घाबरू नका, तिसरा आणि चौथा आकडा पाहा: ४३. एफटी-२४०-६१ चा नंबर ५९६१००३८०१, तिथे ६१. एवढं लक्षात ठेवलं तरी मागवताना चूक होत नाही.

नावात फक्त टी असेल आणि एफ नसेल, जसं टी-२००-२, तर ती फेराइट नाही, लोखंडाच्या भुकटीची रिंग आहे. त्या रिंगांना रंग असतो, २ नंबर लाल, ६ नंबर पिवळा. फेराइट बहुधा करडी-काळी, कोऱ्या अंगाची. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी रिंगही भुकटीचीच, आणि शॉर्टवेव्हवर ती फार तापते. ती या कामासाठी वापरू नका.

लाल रिंग वाईट नाही. ट्यूनरच्या कॉइलसाठी ती उत्तम. पण मोठ्या पट्ट्यात चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला ती का पुरत नाही, ते चौथ्या पायरीतला हिशेब केला की आपोआप दिसेल.

पायरी ३ : मटेरियल

फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची भाजलेली सिरॅमिक. तिच्यात निकेल-झिंक मिसळलं की एक घराणं, मँगॅनीज-झिंक मिसळलं की दुसरं. निकेल-झिंक वीज जवळपास वाहूच देत नाही आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला बरं वागतं. मँगॅनीज-झिंकची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र स्वतःत सामावून घेण्याची क्षमता) मोठी असते, पण ते थोडीफार वीज वाहून नेतं आणि त्याचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीवर.

आपल्याला भेटणारी मंडळी अशी: ४३ (निकेल-झिंक, पर्मिएबिलिटी ८००), ५२ (निकेल-झिंक, २५०), ६१ (निकेल-झिंक, १२५), ३१ (मँगॅनीज-झिंक, १५००), ७३ (मँगॅनीज-झिंक, २५००).

इथे एक घोळ नव्या लोकांचा हमखास होतो. कोॲक्सच्या (रेडिओपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या) बाहेरून वाहणारा करंट अडवायला जो चोक करतात, त्याला ३१ नंबर फार चांगला म्हणतात, आणि ते खरं आहे. चोकमध्ये आपल्याला नको असलेल्या करंटच्या वाटेत रोध उभा करायचा असतो, त्यामुळे फेराइटचा तोटा तिथे कामाचा ठरतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र तुमची सगळी पॉवर चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. तिथे तोटा म्हणजे निव्वळ उष्णता. "३१ उत्तम" हे वाक्य चोकविषयी ऐकलेलं असतं आणि ट्रान्सफॉर्मरसाठी वापरलं जातं. कुणी मटेरियल सुचवलं की आधी विचारा: चोकसाठी की ट्रान्सफॉर्मरसाठी?

ट्रान्समिट करताना वापरायच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिला ट्रान्सफॉर्मर ४३ वर करा, कारण थोड्या वेढ्यांत तो ३.५ पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा बराच पट्टा सांभाळतो. फक्त १४ मेगाहर्ट्झ आणि वर काम करायचं असेल, पॉवर जास्त असेल, तर ५२ कडे वळा. ६१ चा तोटा सगळ्यांत कमी, पण वेढे वाढवावे लागतात आणि वाढलेले वेढे वरच्या बँडवर त्रास देतात.

पायरी ४ : वेढ्यांचा हिशेब

या लेखात एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा.

ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी स्वतः एक कॉइल आहे आणि ती रेडिओच्या ५० ओहमला समांतर बसलेली आहे. तिचा रिॲक्टन्स (कॉइल उलटसुलट करंटला करते तो विरोध) पुरेसा मोठा नसेल तर करंट अँटेनाकडे न जाता प्रायमरीमध्येच फिरत राहतो. जुना आणि भरवशाचा नियम: सर्वांत खालच्या बँडवर प्रायमरीचा रिॲक्टन्स ५० ओहमच्या किमान चौपट, म्हणजे २०० ओहमच्या आसपास हवा.

प्रत्येक रिंगेला एएल नावाचा एक आकडा असतो, एका वेढ्याची इंडक्टन्स नॅनोहेन्रीत. एफटी-२४०-४३ चा एएल १०७५, एफटी-१४०-४३ चा ८८५. वेढ्यांचा वर्ग करा, एएलने गुणा, हजाराने भागा, मायक्रोहेन्री मिळाले. त्याला ६.२८ ने आणि मेगाहर्ट्झने गुणा. रिॲक्टन्स ओहममध्ये मिळाला.

एफटी-२४०-४३ वर २ वेढे घेऊ. २ चा वर्ग ४, गुणिले १०७५, म्हणजे ४.३ मायक्रोहेन्री. ७ मेगाहर्ट्झवर रिॲक्टन्स १८९ ओहम, चौपटीच्या जवळ. छान. तीच रिंग, तेच २ वेढे, पण ३.५ मेगाहर्ट्झवर? ९५ ओहम. दुपटीहून थोडा कमी. ४९:१ चा जो प्रसिद्ध २:१४ चा नकाशा सगळीकडे फिरतो, तो ८० मीटरवर, म्हणजे याच ३.५ मेगाहर्ट्झच्या बँडवर, रिंग तापवतो, त्याचं कारण हेच. उपाय दोन आहेत. ३ वेढे घ्या, म्हणजे ९.७ मायक्रोहेन्री आणि २१३ ओहम. सेकंडरी मग २१ वेढ्यांची. किंवा दोन रिंगा एकमेकींवर ठेवून २ वेढेच ठेवा. एएल दुप्पट होतो आणि रिॲक्टन्स पुन्हा १८९ वर येतो. दुसऱ्या उपायात उष्णताही दोन रिंगांत वाटली जाते. ८० मीटरवर १०० वॅट चालवणाऱ्यांनी हा दुसरा मार्ग धरावा असं मला वाटतं.

आता त्या लाल रिंगेकडे या. टी-२००-२ चा एएल १२. त्यावर ९ वेढे घेतले तरी ८१ गुणिले १२, म्हणजे जेमतेम १ मायक्रोहेन्री, आणि ३.५ मेगाहर्ट्झवर २१ ओहम. ५० ओहमच्या निम्म्याहून कमी. अशी प्रायमरी रेडिओला जवळजवळ शॉर्टच करते.

मग वेढे भरपूरच का घेऊ नयेत? कारण तार लांबली की प्रायमरी आणि सेकंडरीची जुळणी सैल पडते, आणि २१, २८ मेगाहर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर बिघडू लागतो. ६१ ची अडचण इथेच आहे. एफटी-२४०-६१ चा एएल साधारण १७०. ४ वेढे घेऊनही ७ मेगाहर्ट्झवर १२० ओहमच मिळतात आणि सेकंडरी २८ वेढ्यांची होऊन बसते. म्हणजे खालचा बँड वेढे वाढवायला सांगतो, वरचा कमी करायला. एकाच ट्रान्सफॉर्मरमध्ये १.८ ते ३० मेगाहर्ट्झ कोंबण्यापेक्षा खालच्या बँडसाठी एक आणि वरच्यांसाठी दुसरा करणं मला जास्त पसंत आहे.

एक सूचना: एएल हा फार कमी फ्रिक्वेन्सीवर मोजलेला असतो. ४३ ची पर्मिएबिलिटी मेगाहर्ट्झमध्ये शिरल्यावर उतरत जाते आणि तिच्या जागी तोट्याचा भाग वाढतो. म्हणून हा हिशेब रिंग निवडण्यापुरता धरा. खरा कौल तपासणीचा.

फक्त ऐकायचं असेल तर

मग उष्णतेची काळजी संपली. बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा छोटा कोअर, म्हणजे रिंगेऐवजी फेराइटचा एक तुकडा, घ्या. त्याचा एएल ८५०० आहे. प्रायमरी २ वेढे, सेकंडरी ६, झाला ९:१. प्रायमरी ३४ मायक्रोहेन्रीची भरते आणि ०.५ मेगाहर्ट्झवरही १०७ ओहम देते, म्हणजे मीडियम वेव्हसुद्धा सांभाळते. दोन्ही वाइंडिंग एकमेकींपासून पूर्ण वेगळी ठेवा. अँटेनाचं अर्थिंग आणि रिसीव्हरचं अर्थिंग वेगळं झालं की घरातल्या चार्जर-अडॅप्टरची घरघर बरीच कमी होते.

वेढा मोजताना मात्र सांभाळा. दोन भोकांच्या कोअरमध्ये एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून परत, हा एक वेढा. रिंगेत तार जितक्या वेळा भोकातून गेली तितके वेढे, बाहेरून दिसणाऱ्या वळशांवर जाऊ नका. तार नुसती सरळ भोकातून गेली तरी तो एक पूर्ण वेढा आहे.

पायरी ५ : रिंग केवढी

१० वॅटपर्यंत एफटी-१४०-४३ पुरते. १०० वॅटच्या बोलण्याला एक एफटी-२४०-४३. पण तेच १०० वॅट डिजिटल पद्धतीने पाठवणार असाल तर दोन रिंगा घ्या. बोलण्यात आवाज चढतो-उतरतो, मध्ये श्वास असतो, सरासरी पॉवर बरीच कमी पडते. एफटी८ या डिजिटल पद्धतीत मात्र १५ सेकंदांच्या फेरीत सुमारे १२.६ सेकंद पूर्ण पॉवर वाहत असते.

तोटा ०.५ डेसिबल म्हटलं की ऐकायला क्षुल्लक वाटतो. १०० वॅटमधले ते ११ वॅट आहेत. बंद प्लॅस्टिकच्या डबीत ११ वॅटचं सोल्डरिंग आयर्न ठेवलंय असं समजा. १ डेसिबलला २१ वॅट.

४३ चं क्युरी तापमान १३० अंश सेल्सिअसच्या थोडं वर आहे. तिथे पोचलं की फेराइटचं चुंबकत्व गळून पडतं, प्रायमरीचा रिॲक्टन्स कोसळतो, एसडब्ल्यूआरचा (जुळणी किती बिघडली ते सांगणाऱ्या आकड्याचा, १ म्हणजे उत्तम) काटा डोळ्यांदेखत चढतो. थंड झाल्यावर रिंग बहुधा पूर्ववत होते, पण गरम-थंडीच्या ताणाने तडाही जाऊ शकतो. ट्रान्समिट करताना एसडब्ल्यूआर हळूहळू सरकत असेल आणि पाच मिनिटं थांबल्यावर परत जागेवर येत असेल, तर तारेकडे बघू नका, रिंगेकडे बघा.

पायरी ६ : हातातली रिंग खरंच तीच आहे का

फेराइटवर नंबर छापलेला नसतो. मी एकदा ४३ म्हणून सहा रिंगा घेतल्या. दिसायला अगदी जशा हव्या तशा, ३५.५ मिलिमीटर व्यास, करड्या. एकावर १० वेढे घेऊन इंडक्टन्स मोजणारा मीटर लावला. एएल ८८५ असता तर १०० गुणिले ८८५, म्हणजे ८८ मायक्रोहेन्री दिसायला हवे होते. अधिक-उणे २० टक्के चालतात. मीटरने २४० दाखवले. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही टोकं रिंगेच्या उघड्या अंगावर दाबली. निकेल-झिंक असती तर मीटर हललाच नसता. इथे काही दहा किलोओहम स्थिर दिसत होते. म्हणजे मँगॅनीज-झिंक. सहाही तशाच निघाल्या. मोजल्या नसत्या तर १०० वॅटवर आठवडाभर अँटेनालाच दोष देत बसलो असतो.

पर्मिएबिलिटी काढायची तर सूत्र छोटं आहे. उंची मिलिमीटरमध्ये, बाहेरच्या आणि आतल्या व्यासाच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग, आणि ०.२. या तिघांचा गुणाकार करून एएलला त्याने भागा. माझ्या रिंगेची उंची १२.७, आतला व्यास २३. ३५.५ भागिले २३ चा लॉग ०.४३४, सगळं मिळून सुमारे १.१. एएल २४००, भागिले १.१, म्हणजे पर्मिएबिलिटी २१७० च्या आसपास. ४३ ची ८०० असते.

पायरी ७ : गुंडाळणं

रिंगेच्या कडा बोटाने चाचपून पाहा. धार लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर तारेचं एनॅमल तिथेच खरवडलं जातं. मँगॅनीज-झिंकची रिंग असेल तर आधी पीटीएफई टेप गुंडाळाच, नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी चालते. रिंग फरशीवर पडू देऊ नका. फेराइट कपबशीसारखी फुटते.

१०० वॅटसाठी १ मिलिमीटरची एनॅमलची तांब्याची तार घ्या. ४९:१ साठी प्रायमरीची तार सेकंडरीच्या सुरुवातीच्या वेढ्यांबरोबर पिळून घ्या, म्हणजे दोघींची जुळणी घट्ट राहते. पिळलेला भाग आणि त्यापुढचे वेढे रिंगेच्या एका अंगाला, मग तार आतून पलीकडे नेऊन उरलेले दुसऱ्या अंगाला. गरम टोक (अँटेनाकडचं) आणि थंड टोक (अर्थकडचं) असे एकमेकांपासून लांब राहतात. तार ओढून घट्ट बसवा, पण कडेवर घासून ओढू नका.

प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला की वरच्या बँडवर एसडब्ल्यूआर सुधारतो. तो सिल्व्हर मायकाचा किंवा चांगला सिरॅमिक, १ किलोव्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा घ्या. साध्या पिवळसर चकतीसारख्या कपॅसिटरवर इथे भरवसा ठेवू नका.

पायरी ८ : तपासणी, आणि एसडब्ल्यूआर का पुरत नाही

दोन ४.७ किलोओहम समांतर, त्यांच्यापुढे १०० ओहम मालिकेत, झाले २४५०. मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, तारेच्या गुंडाळीचे नकोत. सेकंडरीला हा भार लावून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर एसडब्ल्यूआर पाहा. तुमच्या बँडवर १.५ च्या आत असेल तर वेढे बरोबर आहेत.

इथेच बरेच जण थांबतात. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर १ असतो आणि त्यातून काहीच बाहेर जात नाही. तोटा करणारी कोअर तशीच वागते. ती समांतर बसलेल्या रोधासारखी एसडब्ल्यूआर सुधारूनच दाखवते. म्हणून अगदी तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर करा. दोघांची उच्च टोकं (सेकंडरीची अँटेनाकडची) एकमेकांना, अर्थ एकमेकांना जोडा आणि या जोडीतून आरपार तोटा मोजा. १.२ डेसिबल दिसला तर प्रत्येकाचा ०.६, म्हणजे १०० वॅटला १३ वॅट उष्णता. एका ट्रान्सफॉर्मरचा तोटा ०.३ च्या आत आला तर मी समाधानी असतो. दुसरा ट्रान्सफॉर्मर वाया जात नाही, तो पुढच्या अँटेनाला लागतोच.

मग हीच जोडी रेडिओ आणि डमी लोडच्या मध्ये लावा. सर्वांत खालच्या बँडवर, नेहमीच्या पॉवरला, दोन मिनिटं ट्रान्समिट करा. ट्रान्समिट पूर्ण बंद झाल्याची खात्री करून मगच रिंगेवर बोट ठेवा. कोमट लागली तर काम झालं. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर चौथ्या पायरीकडे परत जा आणि दुसरी रिंग चढवा.

डबीत बसवताना रिंग भिंतीला चिकटवून टाकू नका, चारी बाजूंनी हवा राहू द्या, आणि खालच्या अंगाला एक बारीक भोक पाडा म्हणजे साचलेला ओलावा निघून जाईल. झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा: रिंग कोणती, किती, वेढे किती, खालचा बँड कोणता, मोजलेला तोटा किती.